स्वयंपाक होईपर्यंत बाहेर

कॉलेजने फील्डवर्कसाठी दिलेल्या वहीत पहिल्या भेटीची नोंद मी अशी केली होती: "बंदी महिला घरकामात सहभाग घेत नाहीत. स्वयंपाकाच्या वेळी ओट्यावर बसून असतात. सून एकटी राबते." शेवटच्या वाक्याखाली मी पेनाने रेघ ओढली होती. मला काहीतरी सापडलंय, असं तेव्हा वाटलं होतं.

मी परंदवडीची. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिली. वडील जवळच्या एका कंपनीत कंत्राटी कामाला, आई शेतात. समाजकार्याच्या अभ्यासात आम्हाला आठवड्यातून दोन दिवस एखाद्या संस्थेत काम करावं लागतं. मला मिळालेली संस्था तुरुंगातून रजेवर आलेल्या किंवा सुटून आलेल्या माणसांसाठी काम करायची. माणसांच्या पुनर्वसनाचं काम आहे असं आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "म्हंजी धरणवाल्यांचं का?" आमच्या भागात पुनर्वसन म्हणजे धरणाखाली गेलेल्या गावांचं. मग मी नीट समजावून सांगितलं. माझ्याकडे आलेली बाई भाजे गावात आहे, जन्मठेपेची शिक्षा आहे, सून जळून मेली त्या प्रकरणात. आई तव्यावरची भाकरी उलटायची विसरली. नंतर एवढंच म्हणाली, "तिच्या हातचं काय खाऊ नगंस."

त्या बाईंना मी मावशी म्हणायचे. वय साठीच्या आसपास, अंगानं बारीक, केस पूर्ण पांढरे. बारा वर्षांपूर्वी त्यांच्या मुलाची पहिली बायको स्टोव्हच्या भडक्यात भाजली. मरण्याआधी तिने जबाब दिला, त्यात सासूचं नाव घेतलं. मुलगा सुटला, मावशींना शिक्षा झाली. पहिल्या दिवसापासून मावशींचं म्हणणं एकच, की मी मागच्या दारी भांडी घासत होते. कोर्टाने ते मानलं नव्हतं. मानावं की नाही, हे मलाही कळत नव्हतं, आणि संस्थेतल्या ताईंनी तर मला बजावलंच होतं: "तुला निकाल द्यायचा नाहीये. निकाल लागलाय. तू घर बघ."

घर बघायचं कारण असं होतं. मावशी तीन आठवड्यांच्या संचित रजेवर आल्या होत्या. शिक्षेची काही वर्षं नीट काढली की ही रजा मिळते, पण घरच्या कुणाला तरी जामीन राहावं लागतं, ठरलेल्या दिवशी पोलीस ठाण्यात हजेरी लावावी लागते आणि रजा संपते त्या दिवशी परत हजर व्हावं लागतं. आधीच्या रजांना त्या आपल्या भावाकडे जायच्या. भाऊ वारला. आता मुलगा सोडून कुणी उरलं नव्हतं. शिवाय त्यांच्या लवकर सुटकेचा विचार चालू होता आणि घरचे त्यांना ठेवून घेतील का, हे परिवीक्षा अधिकाऱ्यांना कळवायचं होतं. मुलाने सांगून टाकलं होतं की बायको सही करील तर माझीही सही. मुलाची ही दुसरी बायको, वराळ्याची, पंचवीस-सव्वीस वर्षांची. म्हणजे मावशींचं पुन्हा कधी घरी येणं त्या मुलीच्या एका सहीवर होतं. ती सही मिळेल का, हे मी अहवालात लिहायचं होतं.

आमच्या जवळच्या बेगडेवाडी स्टेशनवरून लोकल धरून मी मळवलीला उतरायचे आणि चालत भाज्यात जायचे. शनिवार-रविवार सोडला तर रस्ता मोकळा असायचा. मक्याच्या कणसांच्या टपऱ्यांवर निळी ताडपत्री बांधलेली, आणि धबधब्याचा आवाज गावभर. घर दोन खोल्यांचं होतं, आळीला लागून. पुढे शहाबादी फरशीचा उघडा ओटा. मुलगा लोणावळ्यात एका बंगल्यावर कामाला, तो संध्याकाळी यायचा. दिवसा घरात सासू, सून आणि तीन वर्षांची नात.

आत गॅस पेटवायची वेळ झाली की मावशी काही न बोलता उठायच्या, ओट्याच्या टोकाला जाऊन बसायच्या. आत काड्या ओढल्याचा आवाज यायचा. पावसात पेटी सर्दलेली, त्यामुळे तीन-चार काड्या वाया जायच्या. मावशी तो आवाज मान खाली घालून ऐकायच्या. पाऊस आला की झडीनं त्यांचं अर्धं लुगडं भिजायचं, तरी त्या हलायच्या नाहीत. आळीतल्या बाया जाता-येता विचारायच्या, "बसलाय का मावशी?" त्या म्हणायच्या, "बसलेय बाई." सगळं झालं की आतून हाक यायची, "आत्या, या." मग त्या आत जाऊन ताटावर बसायच्या.

मला ते सगळं सासूपणाचं वाटलं. तुरुंगातून आली तरी हिला ताट पुढ्यात लागतं. सून माझ्याशी बोलत नसे. कसं चाललंय विचारलं की "बरं हाये." त्रास आहे का, तर "न्हाई." मुलीला ती सारखी कडेवर घेऊन असायची, आजीजवळ खाली सोडत नसे. हे मी वहीत लिहिलं तेव्हा मावशींनी विचारलं, "काय लिवता एवढं?" मी म्हटलं, काही नाही, तारीख. त्यांनी माझ्या पेनाकडे पाहिलं आणि त्यानंतर त्याही तोलून बोलायला लागल्या. मी त्यांच्यावर नजर ठेवायची, त्यांनी माझ्या वहीवर, आणि सुनेनं आम्हा दोघींवर.

दुसऱ्या आठवड्यात हजेरीसाठी मी त्यांच्याबरोबर लोणावळ्याला गेले. पोलीस ठाण्यात सही झाली. येताना बाजारातून चालताना त्या रस्त्याच्या अगदी कडेनं, भिंतीला धरून चालत होत्या. चिक्कीच्या दुकानांसमोर गाड्यांची रांग लागली होती, तिथून वाट काढताना दोन मिनिटं माझी त्यांच्यावरची नजर सुटली. वळून पाहिलं तर त्या एका भांड्याच्या दुकानातून बाहेर येत होत्या. काहीतरी पिशवीत घालून पिशवीचं तोंड त्यांनी मुठीत आवळलं होतं. काय घेतलं विचारलं, तर म्हणाल्या, "काय न्हाई. घरातलं." स्टेशनवर बाकावर बसल्यावर पिशवी कलंडली आणि ते दिसलं. गॅस पेटवायचा लायटर होता.

 त्यांनी तो पटकन आत सारला. पण माझ्या डोक्यातून तो जाईना. जी बाई कधी गॅसजवळ जात नाही तिला लायटर कशाला? आणि लपवून का? मुलाच्या पहिल्या बायकोचा जबाब मी फाइलमध्ये वाचला होता. बेगडेवाडीला उतरेपर्यंत तोच आठवत राहिला. घरी आईला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं मला परत जाऊच दिलं नसतं. ताईंनाही सांगितलं नाही. आज वाटतं, तेव्हाच सांगायला हवं होतं. पण मला ते स्वतः शोधून काढायचं होतं. वर्गातल्या मुलींचं इंग्रजी चांगलं, त्यांच्या घरी पुस्तकं. मला वाटलं, ही एक गोष्ट मी त्यांच्याहून नीट करून दाखवीन.

पुढच्या भेटीत मी गेले तेव्हा सून मुलीला अंगणवाडीतून आणायला निघाली होती. ती वळणावर दिसेनाशी झाली आणि मी मावशींना म्हटलं, "आज तुमच्या हातचा चहा पाजा ना."

आम्हाला शिकवलं होतं की माणूस रोजचं काम करताना त्याचं निरीक्षण करावं. मी ते काम मुद्दाम ठरवून आले होते. त्याला निरीक्षण म्हणत होते, पण ती परीक्षा होती.

त्या म्हणाल्या, "माज्या हातचा? सून येऊ द्या की."

मी म्हटलं, "चहाच तर आहे मावशी. त्याला सून कशाला?"

त्यांनी आळीकडे पाहिलं, दोन्ही बाजूंना. "तुमीच म्हनताय न्हवं?" त्यांनी दोनदा विचारलं. मी दोनदा हो म्हटलं. मग त्या उठल्या, पिशवीतून लायटर घेतला आणि आत गेल्या. मी मागोमाग.

साखर कुठल्या डब्यात असते हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी एकेक झाकण उघडून पाहिलं, मिठाच्या डब्यात बोट घालून चाखलं. घर त्यांचं होतं, पण फडताळ पूर्ण दुसऱ्याचं झालं होतं. भिंत नव्याने रंगवलेली, फिकट हिरवी. त्यांनी बर्नर चालू केला आणि लायटर दाबला. टक, टक, टक. तिसऱ्याला पेटला. हात मागे घ्यायला त्यांना जरा उशीर झाला, किंवा मला तसं वाटलं.

चहा झाला. त्यांनी कप माझ्या हातात दिला आणि समोर उभ्या राहिल्या. माझा हात वर जाईना. प्रकरण आगीचं होतं, त्यात विषाचा संबंध नव्हता, हे मला कळत होतं. तरी हात वर जाईना. त्यांनी ते पाहिलं. माझ्या हातातला कप काढून घेतला, थोडा चहा बशीत ओतला, स्वतः प्यायल्या, आणि कप परत माझ्यापुढे धरला. "घ्या आता," म्हणाल्या.

त्याच वेळी दारात सून उभी होती. मुलगी कडेवर. तिने बर्नरकडे पाहिलं, कट्ट्यावरच्या लायटरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ओरडली नाही. आतल्या खोलीत गेली, पिशवीत मुलीचे कपडे कोंबले, आणि आमच्या मधून वाट काढून बाहेर पडली. मी मागे धावले, वहिनी, वहिनी म्हणत. तिने वळून पाहिलं नाही. मळवलीच्या रस्त्याने ती झपाझप गेली.

मी परत आले तेव्हा मावशी ओट्याच्या टोकाला जाऊन बसल्या होत्या. आत काही शिजत नव्हतं.

समोरच्या घरातली बाई उंबऱ्यात येऊन उभी होती. ती मला म्हणाली, "तुमाला म्हाईत न्हवतं व्हय? गॅस पेटला की म्हातारी भायेर. सगळ्या आळीला दिसंल अशी. जामीन ऱ्हाताना सुनंनं अट घातलीया. आमाला पन सांगितलंय तिनं, जाता-येता बघा म्हनून."

तेव्हा मला "बसलाय का मावशी" कळलं. ती पहाऱ्याची विचारपूस होती, आणि मावशी रोज त्या पहाऱ्याला उत्तर देत होत्या.

मी मावशींना विचारलं, मला आधी का नाही सांगितलंत. त्या म्हणाल्या, "तुमच्या वहीत गेलं आसतं. सून घाबरती म्हनून. मग मला घरी कोन सोडंल?" आणि लायटर? तो त्यांनी सुनेसाठी घेतला होता. "काड्या वढती बिचारी. चार-चार." पण तो तिच्या हातात द्यायची हिंमत झाली नाही. त्या घरात, त्यांच्या हातून, तिच्या हातात ती वस्तू कशी द्यायची, याचा त्या आठवडाभर विचार करत होत्या.

हे खरं होतं का? मला वाटलं, खरं असावं. मग वाटलं, मला तसं वाटावं म्हणूनच त्या असं सांगत असतील. त्या दिवशी मला स्वतःच्या कुठल्याच वाटण्याचा भरवसा राहिला नाही. चहा मी प्यायले नाही. कप तसाच ओट्यावर राहिला.

संध्याकाळी मुलाचा मला फोन आला. त्याचा राग आईवर होता, माझ्यावर नाही. आईनेच अट मोडली, आता बायको येणार नाही, सहीचं तर नावच नको, रजा संपली की परत जामीन राहणार नाही. मावशींनी त्याला सांगितलं नव्हतं की मी आग्रह केला होता. मीही त्या फोनवर सांगितलं नाही. "हो का, बघते," असं काहीतरी म्हणाले आणि फोन ठेवला. दोन दिवस मी कुणालाच काही सांगितलं नाही. फील्डवर्कचे गुण, ताईंचं मत, घरी काय म्हणतील, हे सगळं मी मोजत बसले. तिकडे रजेचे दिवस संपत होते.

तिसऱ्या दिवशी ताईंना सांगितलं. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "जे केलंस ते वहीत लिही. तसंच्या तसं. मग वराळ्याला जा आणि तिला वाचून दाखव."

वराळ्यात तिच्या माहेरचं घर नव्या इमारतींच्या मागे आहे, आधी वाट सापडली नाही. तिच्या आईने मला पाणी दिलं पण बस म्हटलं नाही. ती बाहेर आली. मी उभ्यानेच वही उघडली आणि त्या दिवसाचं सगळं वाचलं. मीच चहा मागितला, दोनदा सांगितलं, परीक्षा घेत होते, हेसुद्धा.

तिने ऐकून घेतलं. "तुमी सांगितलं म्हनून त्या आत गेल्या. कळलं."

मी म्हटलं, "तर राग माझ्यावर काढा. त्यांच्यावर नको."

"तुमच्यावर हायेच की," ती म्हणाली. मग विचारलं, "पयलं काय लिवलंय ते वाचा. पयल्या दिवसाचं."

मला ते वाचायची लाज वाटली, पण वाचलं. सून एकटी राबते, इथे आल्यावर ती हसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. म्हणाली, "एवढं मातर खरं लिवलंय." तिच्या आईलाही हसू आलं आणि तिने मला बसायला पाट सरकवला.

मग सुनेनं मला विचारलं, तुम्हाला काय वाटतं, त्यांनी केलं असेल?

मी म्हटलं, "मला माहीत नाही."

"मला पन न्हाई," ती म्हणाली. "पाच वर्सं मी ती भाजली त्याच भिंतीपाशी सैपाक करती. रंग दिलाय तिला. मला म्हाईत न्हाई म्हनूनच त्या भायेर बसत्यात. म्हाईत आसतं तर भायेर कशाला बसवलं आसतं? येक तर त्या आत आल्या असत्या, न्हाईतर मी घर सोडलं आसतं."

 वहीत त्या दिवशी मी तेवढंच लिहिलं, तिच्या शब्दांत.

येते असं ती म्हणाली नाही. पण रजा संपायच्या आदल्या दिवशी मी भाज्यात गेले तेव्हा दारात मुलीच्या चपला होत्या. आत काड्या ओढल्याचा आवाज येत होता. मावशी ओट्याच्या टोकाला बसलेल्या, पाऊस तिरका. समोरची बाई उंबऱ्यातून म्हणाली, "बसलाय का मावशी?" आणि त्यांनी "बसलेय बाई" म्हटलं, नेहमीसारखंच.

सुनेनं हात पुसत येऊन विचारलं, कागद आणलाय का. मी अहवाल दिला. तिने सगळा वाचला, ओळीवर बोट फिरवत. मग म्हणाली, "अट हितं लिवा. सही मग करती." मी म्हटलं, अशी अट अहवालात लिहिली तर अधिकारी काय अर्थ घेतील सांगता येत नाही. मावशींच्या विरुद्धही जाऊ शकेल. ती म्हणाली, "जाऊ द्या. न लिवता मी त्यांना घेनार न्हाई. लिवून घेनार हाय." मी मावशींकडे पाहिलं. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या म्हणाल्या, "लिवा बाई."

मी लिहिलं: "स्वयंपाक होईपर्यंत सासूबाई ओट्यावर बसतील. या अटीवर कुटुंब त्यांना घरी ठेवण्यास तयार आहे." सुनेनं पेन हातात घेतलं, आणि परत माझ्याकडे दिलं.

"आजून येक. ओट्यावर पत्रा टाकून घ्यायचा. ह्यांनी टाकायचा, पुढच्या रजेच्या आत. भिजत्यात त्या."

मी तेही लिहिलं. अहवालात पत्रा कसा लिहायचा हे मला कुणी शिकवलं नव्हतं, म्हणून साधंच लिहिलं. तिने सही केली, पूर्ण नावाची, सावकाश. मी हळूच लायटरचं विचारलं. तो तिने समोरच्या बाईला देऊन टाकला होता. 

कागद पिशवीत घालून मी निघाले तेव्हा मावशींनी मला ओट्यावरच थांबवलं. त्यांच्याबद्दल काय लिहिलं ते नीट वाचून दाखवा म्हणाल्या. मी वाचलं. अटीपाशी त्यांनी मान हलवली. पत्र्यापाशी हात वर करून थांबवलं.

"पत्रा कुठवर येनार?"

"ओट्यावर. सगळ्या ओट्यावर येईल."

त्यांनी वर पाहिलं, मग समोरच्या उंबऱ्याकडे, मग आळीच्या दोन्ही टोकांकडे. "लय खाली नगा घेऊ म्हनावं," त्या म्हणाल्या. "पुढनं उघडा ऱ्हायला पायजेल. मी दिसले पायजे."

मी वही पुन्हा उघडली आणि ते लिहून घेतलं.